धुक्यात बांधलेली गाय

कोंडवाड्याची पहिली भिंत एरामुननं स्वतः बांधली आणि स्वतःच पाडली. तिला कुणी नावं ठेवली नव्हती. पण वरच्या कोपऱ्यात त्यानं एका मोठ्या फटीत बारका दगड ठोकून वेळ मारून नेली होती, आणि ते त्याला ठाऊक होतं. बाहेरून दिसत नव्हतं. पुढच्या वसंतात त्यानं तो कोपरा उतरवला, मग शेजारची बाजू, मग सगळीच भिंत. नवी भिंत चुन्याशिवाय उभी राहिली. तिच्यावर माणूस चालत गेला तरी दगड हलत नसे.

ओत्सार्ते गावाचा हा कोंडवाडा वर खिंडीपाशी होता, आणि एरामुन गावाचा राखणदार. वर्षातले बहुतेक दिवस तो रिकामाच असे. रिकाम्या जागेसाठी एवढी मेहनत कशाला, असं सरपंच प्रुदेन्सियो एकदा म्हणाला होता. रिकामी राहावी म्हणूनच, असं एरामुननं त्याला सांगितलं.

खिंडीत सीमेचा दगड आहे. त्याच्या दक्षिणेला ओत्सार्ते, म्हणजे स्पेन. उत्तरेला हारगेन, म्हणजे फ्रान्स. दोन्हीकडे बोलतात बास्कच. एरामुनची आजी तिकडची, आणि तिकडच्या राखणदाराची, गानिशची, बायको इकडची. पण डोंगरानं वाटणी करताना हात आखडता घेतला. दक्षिणेचा उतार उन्हाचा. गवत असं की गाय मान वर करत नाही. मात्र तिथला चुनखडीचा खडक पावसाचं सगळं पाणी गिळून टाकतो. उत्तरेला बारमाही झरा, पण भोवती नुसते नेचे आणि काटे. गवत एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे.

म्हणून करार होता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हारगेनची गुरं ओत्सार्तेच्या गवतावर चरायची आणि ओत्सार्तेची त्यांच्या झऱ्यावर पाणी प्यायची. सूर्य बुडाला की ज्यानं त्यानं आपल्या बाजूला जायचं. जो मागे राहील त्याच्या कळपातलं एक जनावर, एकच, समोरच्या राखणदारानं कोंडायचं. त्याला काठी लावायची नाही. आपल्या जनावरांच्या आधी त्याच्यापुढे चारा टाकायचा. मालक भाकरी आणि वाइन घेऊन येतो, राखणदाराबरोबर बसून खातो आणि जनावर घेऊन जातो. खाली मैदानात दोन्ही देशांची सैन्यं एकमेकांवर तोफा डागत होती त्या काळातही वर हे असंच चालू होतं, असं म्हातारे सांगत.

एरामुनची मुलगी एन्ग्रासी झारागोझाच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकत होती. उन्हाळ्यात ती घरी येई, गवत कापायला हात लावी आणि जेवताना बापाला पुस्तकातलं सांगे. त्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की तिच्या विषयाची सुरुवात एका साध्या गोष्टीनं होते. घरात भांडण झालं तर बाप असतो. गावात झालं तर न्यायालय असतं. दोन देशांत झालं तर वर कुणीच नसतं. प्रत्येक देश आपल्या घरात सार्वभौम, कुणाचं ऐकायला बांधलेला नाही. या अवस्थेला अराजक म्हणतात.

"अराजक म्हणजे गोंधळ ना?" एरामुननं विचारलं.

"गोंधळ नव्हे, बाबा. वर कुणी नाही, एवढंच."

"मग ते आमच्या खिंडीत केव्हापासून आहे. गवत तरी ठीक वाढतंय."

एन्ग्रासी हसली. म्हणाली की नेमकं तेच तर शिकायचं असतं, वर कुणी नसताना गवत कसं वाढतं ते.

ऑगस्टच्या मध्यावर धुकं आलं. समुद्राकडून येणारं ते धुकं दुपारीच खिंड भरून टाकतं आणि स्वतःचा हात दिसेनासा होतो. धुक्यात सूर्य बुडाला की नाही हे ठरवायची एक रीत होती. दोन्ही राखणदारांनी दगडापाशी येऊन उभं राहायचं आणि अंदाज घेत थांबायचं. दोघांनी मिळून "बुडाला" म्हटलं की बुडाला. एकट्यानं म्हणून चालत नसे.

गानिशचा पाय त्या महिन्यात प्लास्टरमध्ये होता. त्याच्या जागी त्याचा पुतण्या बेत्तिरी राखणीला होता. बेत्तिरी चाळिशीचा, स्वतःच्या गायींचा चांगला मालक, पण राखणदारी त्याला नवी. त्या दिवशी त्याची कालवड धुक्यात दरीकडे गेली म्हणून तो तिच्या मागे उतरला, आणि दगडापाशी आलाच नाही. एरामुन दगडाला टेकून उभा राहिला. कोट भिजला. बोटं गार पडली. हाका मारल्या, त्यांना उत्तर आलं नाही. गवतावर हारगेनच्या गायींच्या घंटा वाजत होत्या. उजेड पार मंदावला तेव्हा त्यानं स्वतःशीच म्हटलं, बुडाला. आणि घंटेच्या आवाजावर जाऊन एक तांबूस गाय दोरीनं धरली, ती बेत्तिरीचीच निघाली, आणि कोंडवाड्यात नेऊन बांधली.

फाटक लावून तो वळला आणि धुकं फाटलं. पश्चिमेच्या शिखरावर सूर्य अजून दोन बोटं वर होता.

तेव्हाच गाय सोडली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण नेमका त्याच वेळी बेत्तिरी कालवडीला घेऊन धापा टाकत वर आला. गाय आत पाहून त्यानं दुरूनच ओरडून एरामुनला चोर म्हटलं, त्याच्या गावाला चोर म्हटलं आणि त्याच्या आजीलाही सोडलं नाही. चोर म्हणून घेतल्यावर फाटक उघडणं त्याला जमलं नाही. दगडापाशी आला नाहीस, एवढंच तो म्हणाला. तेही खरं होतं. बेत्तिरी भाकरी न आणता खाली निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हारगेनवाल्यांनी झऱ्यावर पाणी पिणाऱ्या ओत्सार्तेच्या दोन घोड्या धरून नेल्या. दिवसा जनावर धरायला करारात जागा नव्हती. मग ओत्सार्तेच्या मंडळींनी गवतावरून त्यांचा एडका आणला. मग हारगेननं झऱ्यावर कुत्रे बांधले. कुत्रे आहेत म्हणून ओत्सार्तेची माणसं काठ्या घेऊन पाण्यावर जाऊ लागली. काठ्या दिसल्या म्हणून हारगेनची माणसं जोडीनं फिरू लागली. प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की आपण फक्त आपलं राखतोय.

"ह्याला आमच्याकडे सुरक्षेचा पेच म्हणतात," एन्ग्रासी म्हणाली. एकानं भीतीपोटी कुत्रा आणला की दुसऱ्याला त्याची भीती वाटते आणि तो दोन आणतो. शेवटी कुत्रे वाढतात आणि भीतीही.

"पुस्तकात उपाय दिलाय?"

"दोन दिलेत. एक दुसऱ्याच्या उलट."

"फी परत माग मग."

सरपंच प्रुदेन्सियो हा काही भांडखोर माणूस नव्हता. त्याचं लाकडाचं दुकान होतं आणि त्याला सगळं मोजूनमापून, एकदाचं झालेलं आवडे. त्यानं प्रांताच्या ठिकाणी अर्ज केला आणि खिंडीत तारेचं कुंपण मंजूर करून घेतलं. ट्रकनं चेस्टनटचे खांब आले आणि दगडापाशी रचून ठेवले गेले. पाण्यासाठी टँकर मिळणार होता. सोमवारी तार ओढायला माणसं यायची होती.

कुंपण म्हणजे काय, हे एरामुनला कुणी समजावून सांगायला नको होतं. तार एकदा ओढली की हारगेनची गुरं गवताला मुकणार आणि ओत्सार्तेची झऱ्याला. टँकर पहिल्या उन्हाळ्यात येईल, दुसऱ्यात उशिरा येईल, तिसऱ्यात त्याची वाट बघत बसावं लागेल. गायी विकाव्या लागतील, आधी तिकडे, मग इकडे. आणि ह्या सगळ्याच्या बुडाशी त्यानं ठोकलेला एक बारका दगड होता.

शनिवारी दुपारी राजम्याची आमटी समोर निवत असताना त्यानं मुलीला सांगितलं. सूर्य दोन बोटं वर होता, आणि मी एकट्यानंच बुडवला.

एन्ग्रासीनं त्याची समजूत घातली नाही. चमचा खाली ठेवून तिनं विचारलं, "राखणदार चुकला तर काय करायचं, ह्याबद्दल करारात काही आहे?"

होतं. एरामुननं ते आजोबांकडून ऐकलं होतं. चुकीनं जनावर धरणाऱ्या राखणदारानं ते स्वतः चालवत परत न्यायचं. मग त्याच्या जागी समोरच्या गावच्या कोंडवाड्यात स्वतः बसायचं. त्याच्या गावानं भाकरी आणि वाइन घेऊन यायचं, "हा आमचा आहे" असं सर्वांपुढे म्हणायचं आणि त्याला सोडवून न्यायचं. राखणदाराची काठी मात्र तिथंच राहते. पुढच्या वसंतात दोन्ही गावं दगडापाशी शपथ घेतात तेव्हा समोरच्यांना वाटलं तर ते ती परत देतात. नाही वाटलं तर नाही. आजोबांच्या हयातीतही हे कुणी केलं नव्हतं.

"काठी गेली तर?"

"तर दुसरा राखणदार."

कोंडवाडा, खिंड आणि संध्याकाळ सोडून बापाला दुसरं काही येत नाही, हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मग ती म्हणाली की आधी सरपंचाकडे जाऊ. माणूस तिकडे बसला आणि गाव आलंच नाही, तर ते कैदेपेक्षा वाईट.

प्रुदेन्सियो दुकानात फळ्या रचत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एरामुनकडे पाहिलं आणि हातातली फळी खाली ठेवली.

"चूक झाली म्हणतोस, मान्य. माणूस चुकतो. पण तू गाय घेऊन खाली गेलास तर त्यांना काय दिसेल? ओत्सार्ते वाकलं. आज गाय परत दिली, उद्या म्हणतील गवतही आमचंच होतं. ते तुला तुझ्या भल्या मनाचं बक्षीस देणार नाहीत, एरामुन."

हे काही खोटं नव्हतं. उत्तर एन्ग्रासीनं दिलं.

"काका, बाबा तिथं जाऊन काय म्हणणार? गाय वेळेआधी धरली, असं म्हणणार. वेळेआधी म्हणजे सूर्य बुडायच्या आधी. गवत आपलं नसतं तर वेळेनंतरही तिला धरता आली नसती. चूक वेळेची आहे, हक्काची नाही. ही चूक कराराप्रमाणे त्यांच्याच कोंडवाड्यात बसून फेडायची, म्हणजे गवत आपलं आहे हे त्यांच्याच गावात त्यांच्याकडून वदवून घेणं झालं."

"आणि त्यांनी तुझ्या बापाला ठेवूनच घेतलं तर?" प्रुदेन्सियोनं विचारलं.

"मग करार त्यांनी मोडला. आपण नाही. तेव्हा खुशाल तार ओढा."

प्रुदेन्सियोनं फळीवरचा भुसा हातानं झाडला. मुलीला विद्यापीठात घालून तू आपल्या गावाला वकील आणलास, असं तो एरामुनला म्हणाला. पण मी तुला आणायला येईन असं वचन देत नाही. सोमवारी माणसं येणार आहेत, त्यांची मजुरी ठरली आहे.

"वचन नको," एरामुन म्हणाला. "वाट माहीत आहे ना?"

रविवारी सकाळी दव वाळल्यावर त्यानं कोंडवाडा उघडला. तांबूस गाय चांगली तजेलदार झाली होती. त्यानं तिला खरारा केला, शिंगाला अडकलेलं गवत काढलं, काठी घेतली आणि खिंड ओलांडली. रचलेल्या खांबांजवळून जाताना त्यानं एक खांब उचलून पाहिला. लाकूड चांगलं होतं, साल नीट काढलेली. काम वाया गेलेलं त्याला आवडत नसे, कुणाचंही असो.

झऱ्यावरचे कुत्रे भुंकले. गाय पाहिल्यावर बेत्तिरीनं त्यांना गप्प केलं. तो कंबरेवर हात ठेवून उभा होता. शिव्यांची एक फैर त्यानं तयार ठेवली असावी, पण समोर आलेल्या माणसानं तिला जागाच दिली नाही.

"वेळेआधी धरली," एरामुन म्हणाला. "सूर्य दोन बोटं वर होता. कोंडवाडा कुठं आहे?"

हारगेनचा कोंडवाडा चर्चच्या मागे होता. गाव प्रार्थना आटोपून बाहेर पडत होतं, त्यामुळे सगळ्यांनीच पाहिलं. एरामुन आत गेला, काठी भिंतीला टेकवली आणि दगडावर बसला. रीत फार जणांना आठवत नव्हती, पण एका म्हातारीला आठवत होती. तिनं आधी गायीपुढे चारा टाकायला लावला आणि मग बेत्तिरीला घरी पिटाळलं. बेत्तिरी मक्याची गरम भाकरी आणि मेंढीचं चीज घेऊन आला. कैद्याचं खाऊन होईपर्यंत त्याला स्वतः जेवता येत नव्हतं. एरामुन सावकाश चावून खात होता.

"जरा लवकर आटप की. माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

"माझ्या आजीबद्दल काय म्हणाला होतास त्या दिवशी?"

बेत्तिरीनं कान खाजवला. धुक्यात काहीही निघतं तोंडातून, असं पुटपुटला. मग हळूच म्हणाला की दगडापाशी यायला हवं होतं हे त्यालाही कळतं, पण कालवड होती.

भाकरी संपल्यावर एरामुनला बसवेना. समोरच्या भिंतीतला एक दगड उलटा बसवला होता, जड बाजू वर. तो त्यानं काढला, फिरवला, बसवला. मग त्याच्या शेजारचा.

"कैदी आहेस तू, गवंडी नाहीस."

"ही भिंत पडली तर माझ्याच अंगावर पडेल. तू ती चपटी चीप दे इकडे."

बेत्तिरीनं चीप दिली. थोड्या वेळानं तोही बाह्या सरसावून आत आला.

दुपारी कुबड्यांवर गानिश आला. तो आणि एरामुन कितीतरी संध्याकाळी त्या दगडाच्या दोन बाजूंना उभे राहिले होते, आणि त्यांचं बोलणं थोडक्यातच असे. गानिशनं भिंत पाहिली, मग पुतण्याला पाहिलं, मग मित्राला.

"सूर्य दोघांनी मिळून बुडवायचा असतो," तो म्हणाला. "आमचा आला नाही. तू थांबला नाहीस. घोड्या आम्ही दिवसा धरल्या, ती तिसरी चूक. त्यातली फक्त तुझी फेडली गेली."

"बाकीचं गावांनी बघावं. मी माझ्यापुरता आलो."

"तुझं गाव येईल?"

"येईल," एरामुन म्हणाला. त्याला तसं खरंच वाटत होतं. वचन न देणाऱ्या माणसाला तो ओळखून होता. प्रुदेन्सियो जे करणार असे, त्याबद्दल आधी बोलत नसे.

ऊन कलायला लागलं. खिंडीकडे कुणी दिसत नव्हतं. हारगेनची माणसं कामाशिवाय चर्चच्या मागे घुटमळू लागली. सूर्य बुडेपर्यंत कुणी आलं नाही तर एरामुन बिनगावचा ठरणार होता. मग त्यानं भरलेली चूकही कुणाचीच ठरली नसती आणि करार तिथंच संपला असता. एरामुन दगड लावत राहिला. वरचा थर सपाट आला तेव्हा त्यानं हात झाडले.

तेव्हा घंटा ऐकू आली. हारगेनच्या एडक्याची. त्याच्यामागे प्रुदेन्सियो, चढउतारानं लालबुंद, काखेत भाकरी आणि खांद्यावर वाइनची कातडी पिशवी. त्याच्या मागे एन्ग्रासी आणि गावातली आणखी काही माणसं, आणि त्यांच्या हातात काठ्या नव्हत्या.

बेत्तिरी फाटकापाशी उभा राहिला. म्हातारीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि काय विचारायचं ते सांगितलं.

"हा माणूस तुमचा आहे?"

प्रुदेन्सियोनं आत पाहिलं. सुधारलेली भिंत पाहिली.

"आमचा आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या भिंती बांधत बसतो म्हणून कधी कधी वाईट वाटतं, पण आमचाच."

फाटक उघडलं. भाकरी फाटकातच मोडली, कारण आत जागा पुरेना. एडका त्यांचा त्यांना गेला. घोड्यांसाठी हारगेनच्या सरपंचानं स्वतः माणूस धाडला. वाइनची पिशवी फिरत असताना कुणीतरी खांबांचा विषय काढला. प्रुदेन्सियो म्हणाला की सोमवारच्या माणसांना मजुरी तर द्यावी लागणारच. त्यांना झऱ्यापाशी पाण्याचं टाकं बांधायला लावू, दोन्हीकडच्या जनावरांना पुरेल असं. जागा तुमची, मजुरी आमची. हारगेनचा सरपंच म्हणाला की दगड आमचे. कुत्र्यांबद्दल कुणी बोललं नाही, पण परतताना झऱ्यावर एकही नव्हता.

काठी भिंतीला टेकलेलीच राहिली. एरामुननं निघताना तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ते एन्ग्रासीनं पाहिलं.

त्या शरदात खिंडीत राखणीला ओत्सार्तेचा दुसरा माणूस गेला. चांगला होता, पण संध्याकाळी लवकर कंटाळे. एरामुननं गोठ्याची भिंत उतरवून पुन्हा बांधली. बायको नसलेल्या त्या घरात हिवाळा लांबला. एन्ग्रासीनं झारागोझाहून कळवलं की तिनं परीक्षेत खिंडीबद्दल लिहिलं. वर कुणी नसतानाही नियम टिकतो तो दोघांना एकमेकांची गरज असल्यामुळे, आणि नियमाप्रमाणे चूक फेडायला कुणीतरी तयार असल्यामुळे, असं. प्राध्यापकांनी तिला विचारलं की ह्याला पुरावा काय. तिनं उत्तर दिलं की हारगेनच्या कोंडवाड्याची भिंत अजून उभी आहे.

वसंतात दोन्ही गावं दगडापाशी जमली. खांबांचा ढीग केव्हाच संपला होता. अर्धे टाक्याच्या छपराला गेले, बाकीच्यांवर दोन्ही गावांत राजम्याचे वेल चढले. सरपंचांनी दगडावर हात ठेवून शपथ घेतली. मग ओत्सार्तेचा सरपंच रिवाजाप्रमाणे म्हणाला की आमचा राखणदार एरामुन. आणि तो थांबला, कारण आपण ज्याला राखणदार म्हणतो त्याला समोरच्यांनीही म्हटल्याशिवाय तो राखणदार होत नाही.

गानिश आता कुबड्यांशिवाय चालत होता. तो पुढे आला. हातात एरामुनची काठी होती.

"घे तुझं लाकूड," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणाला पेलत नाही."

काठीच्या टोकाला नवी लोखंडी शेंबी होती. ती बेत्तिरीनं बसवली होती, आणि तो मागे उभा राहून एरामुनच्या चेहऱ्याकडे पाहत होता. एरामुननं काठी उभी धरली, टोक दगडावर टेकवून पाहिलं. शेंबी किंचित तिरकी होती.

"चांगली आहे," तो म्हणाला.

मग राहवलं नाही. "तापवून बसवायला हवी होती. संध्याकाळी सूर्य बुडवायला ये दगडापाशी, तेव्हा दाखवतो."

बेत्तिरी म्हणाला की येतो. आणि आला.